ओसरीवरचे दुखणे

थंडी पडून कपाशीची वेचणी अन् तुरीची सोंगणी लागली, की करमाड परिसरात धडधाकट माणसे रानात आणि आजी गुडघे धरून ओसरीवर, असे चित्र दिसते. दुकानातली दुखण्याची गोळी तिच्या हातावर ठेवली की आपण मोकळे!

गिधाडे आठवतात ना? डायक्लोफिनॅक टोचलेली जनावरे मेली, ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले. माणसाला ते डॉक्टर देतात, पण अशा गोळ्या मनानेच महिनोन्‌महिने घेतल्या, तर म्हातारपणी जठर व मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात.

गोळीआधी शेक द्या. गरम पाण्याची पिशवी किंवा तापवलेल्या वाळूची पुरचुंडी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. मधुमेहात पाय बधिर असतात, चटका कळत नाही. म्हणून आधी आपल्या हाताला लावून पाहा. खुर्चीवर बसवून पाय सरळ करायला लावा, पाच आकडे मोजा, मग खाली. असे दहादा, सकाळ-संध्याकाळ. बाज फार खाली असेल तर पायांखाली विटा पक्क्या बसवा, उठताना गुडघ्यावर भार कमी येतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात हवी. पुष्कळ जण नेमकी चुकीच्या हातात धरतात. कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी द्या.

१९९५ साली शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. आश्रमात काय किंवा घरी काय, स्मरण गेलेल्या माणसाचे दुखणे ओळखणे सर्वांत अवघड. बैल बोलत नाही, तरी पाय टेकताना कचरला, वैरण टाकली, की आपण खूर तपासतो. लुगडे बदलताना आजी कण्हते, हात झटकते, ताट सारते; त्याला आपण हट्ट म्हणतो! आधी कुठे दुखते ते हळूच चाचपून पाहा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. जवळ बसून जुन्या पेरणीच्या, जत्रेच्या गोष्टी काढा. मन गुंतले की कळ कमी जाणवते.

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मात्र परस्पर बंद करू नका. पडल्यावर पाय टेकवत नसेल, सांधा लाल होऊन ताप आला असेल, किंवा छातीत दुखत असेल, तर शेकत बसू नका. वेचणी राहू द्या, लगेच दवाखाना गाठा.