संगणकाची मालकी आणि वस्तीतल्या मुली

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या मुलींचे शिक्षणशुल्क पूर्णतः माफ करण्याचा निर्णय घेतला. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बल व मागास घटकांतील कुटुंबांच्या मुलींना त्याचा लाभ मिळतो. निर्णय स्वागतार्ह आहे. पैशाअभावी अभियांत्रिकीचे नाव घेण्यासही न धजणाऱ्या अनेक घरांत त्यामुळे निदान चर्चा तरी सुरू झाली. तथापि जिन्याच्या वरच्या टोकाचा दरवाजा उघडला, एवढ्याने खालच्या पायऱ्या आपोआप बांधल्या जात नाहीत. बारावीपर्यंत जिच्या बोटांना कळफलकाचा स्पर्शच झालेला नाही, ती मुलगी संगणकशास्त्राच्या पदवीकडे वळणार कशी? आणि वळलीच, तर लहानपणापासून यंत्राशी खेळत आलेल्या मुलांच्या वर्गात ती टिकणार कशी? शुल्कमाफी ज्या वयात मिळते, त्याच्या पाच-सहा वर्षे आधीच हा प्रश्न निकालात निघालेला असतो.

आकडे याची साक्ष देतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता; शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के होते. पाच वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २० टक्के पुरुष संगणक चालवू शकत होते. स्त्रियांमध्ये मात्र १२.८ टक्केच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. त्याच वयोगटातील स्त्रियांपैकी अवघ्या ३३.३ टक्के स्त्रियांनी. या आकड्यांनंतर मोबाइलचा प्रसार पुष्कळ झाला आहे. परंतु घरात यंत्र येणे ही एक गोष्ट आणि ते घरातील कोणाच्या हाती असणे ही दुसरी.

रूढ अर्थशास्त्र कुटुंबाला एक अखंड घटक मानून मोकळे होते. अमर्त्य सेन यांनी कुटुंबाकडे सहकार्य आणि संघर्ष एकत्र नांदणारी संस्था म्हणून पाहिले, ते याच उणिवेवर बोट ठेवण्यासाठी. ताटात काय पडते, दवाखान्यात कोणाला आधी नेले जाते, शाळा कोणाची सुटते, या प्रश्नांच्या मालिकेत आता संगणकाचीही भर पडली आहे. कर्ज काढून घेतलेला लॅपटॉप ‘मुलांच्या अभ्यासासाठी’ घरात येतो आणि बहुधा दादाचा होऊन बसतो. बहिणीला तो मिळतो तो दादा बाहेर गेल्यावर, पाणी भरून झाल्यावर, धाकट्या भावंडाला झोपवल्यावर.

यंत्राच्या मालकीचा प्रश्न समाजवादी चळवळीला नवा नाही. १९७८ मध्ये आयबीएम कंपनीने या देशातून गाशा गुंडाळला, तेव्हा केंद्रात जनता सरकार होते आणि उद्योग खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. परकीय कंपनीने येथील कायद्यानुसार मालकीत भारतीयांना वाटा द्यावा, एवढाच त्या वादाचा गाभा होता. पुढे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ मध्ये संगणकीकरणासंबंधी करार केला, तेव्हाही त्यांचा सवाल तोच होता: हे यंत्र कोणाचे, आणि त्याच्या लाभाचा वाटा कोणाला? देशाच्या आणि कार्यालयाच्या पातळीवर विचारलेला हा सवाल घराच्या उंबरठ्याशी येऊन मात्र थांबला. भावाबहिणींमधील मालकीच्या वाटणीकडे चळवळीने पुरेसे लक्ष दिले, असे म्हणता येणार नाही.

ही वाटणी किती दूरगामी ठरते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून कळते. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनियाक या आद्य संगणकाच्या आज्ञावली सहा स्त्रियांनी तयार केल्या होत्या. १९८४ च्या सुमारास त्या देशात संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांपर्यंत गेले; नंतर मात्र ते घसरत २०१० च्या आसपास १८ टक्क्यांवर आले. अवघ्या पंचवीस वर्षांत मुलींची बुद्धी काही निम्मी झाली नव्हती. दरम्यानच्या काळात घरगुती संगणक बाजारात आला होता आणि तो मुलग्यांचे खेळणे म्हणून विकला गेला होता. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या, तेव्हा घरातला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असे, ही साधी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी पूर्वानुभवाला दिले जाणारे झुकते माप काढून टाकले, नवशिक्यांसाठी वेगळे आरंभवर्ग ठेवले, आणि तेथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९५ मधील ७ टक्क्यांवरून २००० मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. उपजत कल म्हणून जे मिरवले जात होते, ते वस्तुतः लवकर मिळालेल्या संधीचेच दुसरे नाव होते.

अर्थात अमेरिकेचे चित्र जसेच्या तसे येथे चिकटवणे चूक ठरेल. भारतात संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमांतील मुलींचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच अधिक आहे. पुण्या-मुंबईच्या सुस्थित घरांत ‘मुलीसाठी संगणक बरा, बसून करायचे काम’ अशी समजूत आहे, आणि तिचा मुलींनी चांगला उपयोगही करून घेतला आहे. येथील भिंत केवळ स्त्रीपुरुषांमधली नाही. ती वर्गाची, जातीची, भाषेची आणि गावाच्या अंतराचीही आहे. ऊसतोडणी कामगाराची, बीडी कामगाराची, घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी या साऱ्या भिंतींच्या पलीकडे एकाच वेळी उभी असते. तिच्यासाठी वेगळी योजना करायची, तर ती घराबाहेर, परंतु घराजवळच करावी लागेल.

ही जागा खाजगी क्लासात सापडणार नाही, कारण तेथे शुल्क आडवे येते. शिवाय महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला पोचलेल्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचा भर तयार आज्ञावली वापरण्यावर असतो. पत्र टंकणे, तक्ता भरणे उपयोगी आहे. पण ते संगणकशास्त्र नव्हे. टंकलेखन आले म्हणजे व्याकरण आले असे होत नाही, तसेच हे आहे. शाळेत संगणक कक्ष असतो, परंतु पुष्कळ ठिकाणी तो तासापुरता उघडतो आणि पाच वाजता कुलूपबंद होतो. दिवसातून एखादा तास चालणारे आणि उरलेला वेळ धूळ खाणारे भांडवल कोणत्याही हिशेबात अपव्ययच म्हणावे लागेल.

उरते ते वस्तीचे, गावाचे, सार्वजनिक मंडळ. महाराष्ट्राला मंडळे काही शिकवावी लागत नाहीत. व्यायाममंडळे, भजनी मंडळे, महिला मंडळे, राष्ट्र सेवा दलाच्या १९४१ पासूनच्या शाखा, सार्वजनिक वाचनालये, गेल्या काही दशकांतील बचत गट: एकत्र येऊन शिकण्याची ही परंपरा येथे खोलवर रुजलेली आहे. त्याच परंपरेत मुलींचे संगणक मंडळ बसते. मंडळात परीक्षा नसते, नापास होण्याची भीती नसते, आणि कालची शिकाऊ मुलगी आज नव्या मुलीला शिकवू शकते. आपल्यासारखीच, आपल्याच आळीतली मुलगी हे काम करते आहे, हे दृश्य दहा व्याख्यानांचे काम करते.

हे स्वप्नरंजन नाही. मुंबईच्या धारावीत नवनीत रंजन यांनी सुरू केलेल्या ‘धारावी डायरी’ या उपक्रमात तेथील शाळकरी मुली ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’ हे मोफत साधन शिकल्या आणि २०१४-१५ च्या सुमारास त्यांनी मोबाइलवर चालणाऱ्या स्वतःच्या आज्ञावली तयार केल्या. त्यांचे विषय लक्षात घेण्याजोगे आहेत. एक आज्ञावली संकटात सापडलेल्या स्त्रीने आपले ठिकाण तात्काळ कळवावे यासाठी, दुसरी सार्वजनिक नळावरील रांग लावण्यासाठी. पाण्याची रांग हा संगणकशास्त्राचा विषय होऊ शकतो, हे नळावर हंडा घेऊन उभी राहिलेली मुलगीच सांगू शकते.

धारावीतील उपक्रम एका व्यक्तीच्या पुढाकारातून उभा राहिला. केरळने तेच काम सार्वजनिक यंत्रणेमार्फत केले. १९४५ पासून ग्रंथालय चळवळ चालवणाऱ्या त्या राज्याने २००१ मध्ये शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाचा प्रकल्प हाती घेतला, संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर बसवले आणि २०१८ मध्ये दोन हजारांवर शासकीय व अनुदानित माध्यमिक शाळांत ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थी मंडळे उभी केली. मुक्त सॉफ्टवेअरमुळे परवान्यांचा खर्च वाचला, आणि यंत्राच्या आत काय चालते ते पाहण्याची मुभा मुलांना मिळाली. २०२२ मध्ये या मंडळांतील मुलामुलींनी मातांसाठी इंटरनेटवरील फसवणुकीपासून सावध राहण्याचे वर्गही घेतले. आईला शिकवणारी मुलगी घरातल्या यंत्राची केवळ उमेदवार राहत नाही. ती त्याची जाणकार ठरते.

महाराष्ट्रात असे मंडळ उभे करण्यास फार मोठे भांडवल लागणार नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. ‘ड’ वर्गातील गावच्या वाचनालयापाशीही निदान एक खोली असते. तेथे चार-पाच जुने, दुरुस्त केलेले संगणक पुरे होतात. आरंभीचे धडे तर यंत्राविनाही देता येतात: पत्ते क्रमाने लावणे, मतदारयादीतून एक नाव कमीत कमी वेळात शोधणे, हे संगणकशास्त्राचेच पाठ आहेत, आणि न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील शिक्षकांनी अशा यंत्राविना शिक्षणाची एक पद्धतच घडवली आहे. बचत गटाच्या वहीतील व्याजाची आकारणी करणारी छोटी आज्ञावली ही पहिली परीक्षा मानावी. आईच्या वहीशी तिचे उत्तर जुळले की मुलगी उत्तीर्ण. शिकवण्याची भाषा मराठी असावी, आणि जेथे मुली उर्दू, पावरी वा गोंडी बोलतात तेथे त्या भाषेलाही स्थान असावे. इंग्रजी संज्ञा वापरातून येतील. त्यांना प्रवेशपरीक्षा बनवू नये.

वेळेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली, कारण शिकणाऱ्याच्या दिवसाप्रमाणे शाळेने वागावे हे त्यांना उमगले होते. मुलींच्या बाबतीत हाच न्याय उलट दिशेने लावावा लागेल. अंधार पडण्यापूर्वी, पायी जाता येईल अशा अंतरावर, धाकट्या भावंडाला सोबत आणण्याची मोकळीक ठेवून मंडळ भरले, तरच त्या येतील. आठवड्यातील ठराविक दिवस केवळ मुलींचे असावेत. एरवी दांडगाईने यंत्र पकडणाऱ्यांच्या मागे त्या उभ्याच राहतील. खर्चाची सोयही अशक्य नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, अशी तरतूद आहेच. ग्रामसभेत उठून हा खर्च मागणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

येथे दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, जेथे एस.टी. वेळेवर येत नाही आणि शाळेत स्वच्छतागृह धड नाही, तेथे संगणकाचे कौतुक कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु तो या प्रश्नांना एकमेकांचे स्पर्धक मानतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज ऑनलाइन भरण्यासाठी आणि २०२५ मध्ये त्याच योजनेच्या ई-केवायसीसाठी लक्षावधी स्त्रियांची धावपळ झाली, आणि त्यांतील अनेकींना दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागले. शिधावाटप, रोजगार हमीची मजुरी, शिष्यवृत्ती हे सारे आज संगणकावरून चालते. हक्काचा मार्ग ज्या यंत्रातून जातो, ते यंत्र न कळणे ही नव्या युगातील निरक्षरता आहे.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता आता स्वतःच आज्ञावली लिहिते, मग मुलींनी ती शिकावी कशाला? नोकरी हेच शिक्षणाचे एकमेव फळ मानले, तर या आक्षेपात तथ्य आहे. परंतु यंत्र निर्णय घेऊ लागले की ते निर्णय कोणत्या नियमांनी घेतले जातात, हे विचारणाऱ्या माणसांची गरज घटत नाही, वाढते. यादीतून नाव का वगळले गेले, हा प्रश्न विचारण्यासाठी यादी कशी बनते हे ठाऊक असावे लागते.

खरा धोका निराळाच आहे. संगणकाला हात लागला म्हणजे मुक्ती मिळाली असे नव्हे. ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक तुटपुंज्या मानधनावर राबत आले आहेत आणि किमान वेतनासाठी त्यांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. मंडळांतून स्वस्त आणि निमूट कामगारांची नवी फळी तयार व्हावी, अशी इच्छा बाळगून मदत करणारेही पुढे येतील. मदत घ्यावी, पण मंडळाचा कारभार, अभ्यासक्रम आणि किल्ली वस्तीच्या, विशेषतः मुलींच्याच समितीकडे असावी. कामाच्या तासांचा, वेतनाचा आणि संघटनेचा विचार हा तेथील पाठांचाच भाग असावा.

पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेने या वर्षी आपल्या परिसरातील एका वाचनालयाशी बोलणी करून एक खोली आणि चार यंत्रे मिळवावीत, आणि जून महिन्यात, शाळा उघडतात त्या आठवड्यात, मुलींच्या पालकांना घरोघरी जाऊन भेटावे. शासनाने पदवीचे शुल्क माफ केले आहे. त्या पदवीपर्यंतच्या पायऱ्या बांधण्याचे काम गावोगावच्या कार्यकर्त्यांनाच करावे लागेल.