मनाच्या उपचाराचा जमाखर्च

व्यापारी घरात प्रत्येक खर्चाला खाते असते. हमाली, तोलाई, बारदान, मुनिमाचा पगार, सारे रोजमेळात उतरते. मात्र घरातील लेकीच्या, मुलाच्या वा सुनेच्या मनाच्या आजारापायी जो पैसा जातो, त्याला खाते नसते. तो कधी ‘प्रवास’ तर कधी ‘किरकोळ’ म्हणून लिहिला जातो. सोयरिकीच्या भयाने आजाराचे नावही उच्चारले जात नाही. परंतु नोंद टाळल्याने खर्च टळत नाही.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हा असाच झाकला जाणारा विकार आहे. भावनांचे टोकाचे चढउतार, जवळचे माणूस सोडून जाईल ही सततची धास्ती, मनाचा रितेपणा, अविचारी खर्च आणि स्वतःला इजा करून घेण्याची ओढ ही त्याची लक्षणे. घरचे त्याला हट्ट किंवा वाईट वळण समजतात. ‘लग्न झाले की सुधारेल’ असेही म्हणतात. या विकारावर खास असे मान्यताप्राप्त औषध नाही. मुख्य उपचार म्हणजे शिस्तबद्ध मानसोपचार, अर्थात तज्ज्ञाशी नियमित संवाद.

हा उपचार परवडतो का? अमेरिकेतील मार्शा लिनेहन यांनी घडविलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीची पहिली तुलनात्मक चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वर्षभरात हा उपचार घेणाऱ्या स्त्रियांचे मनोरुग्णालयातील वास्तव्य सरासरी सुमारे 8.5 दिवस होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे सुमारे 39 दिवस. जगातील 30 आर्थिक मूल्यमापनांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रमाणित मानसोपचारामुळे प्रतिरुग्ण वर्षाला सरासरी सुमारे 2,988 अमेरिकी डॉलरची बचत आढळली. प्रत्येक पद्धतीत बचत दिसलीच असे नाही. ब्रिटनमधील 2006 च्या एका चाचणीत खर्चाच्या दृष्टीने स्पष्ट लाभ दिसला नाही. म्हणून पद्धत आणि तज्ज्ञाचे प्रशिक्षण पारखून घ्यावे लागते.

हे आकडे परदेशातील आहेत. तोच हिशेब बिलोलीत मांडून पाहावा. तेलंगणाच्या सीमेवरील या गावातून मोठ्या उपचारासाठी नांदेड, निजामाबाद अथवा हैदराबाद गाठावे लागते. एका बैठकीचे हजार रुपये धरले, तर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाचे 52 हजार होतात, प्रवास वेगळा. रक्कम डोळ्यात भरते. पण दुसऱ्या बाजूला काय आहे? मध्यरात्री गाडी करून गाठलेले रुग्णालय, अतिदक्षता विभागाचे बिल, सोबतीला थांबलेली दोन माणसे, ऐन सोयाबीनच्या हंगामात बंद पडलेले दुकान, अर्धवट सुटलेले शिक्षण. असे प्रसंग वर्षातून दोन-तीनदा आले, तर नियमित उपचाराची रक्कम लहान वाटू लागते. ज्या घरात असे प्रसंग वारंवार येतात, तेथे बचत अधिक संभवते. शिवाय वाचलेल्या जिवाचे मोल कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच आधारावर संरक्षण देणे बंधनकारक आहे. तरीही बहुतेक सर्वसाधारण पॉलिसींचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असतो. महागडा मुक्काम भरून मिळतो आणि तो टाळणारी बैठक खिशातून करावी लागते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी बाह्यरुग्ण खर्चाचे कलम वाचून घ्यावे. ऑनलाइन बैठकींमुळे प्रवासखर्च वाचू शकतो. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर ऑक्टोबर 2022 पासून विनामूल्य, चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. स्वतःला इजा झाली असल्यास मात्र तत्काळ जवळचे रुग्णालय गाठावे.

उपचार सुरू करताना तीन गोष्टी विचाराव्यात: पद्धत कोणती, मुदत किती आणि सुधारणा कशावरून ओळखायची. दोन-चार बैठकींनंतर ‘गुण नाही’ म्हणून सोडू नये. या उपचाराला बहुधा वर्षभर लागते. अमेरिकेतील दीर्घकालीन पाहणीत दहा वर्षांच्या काळात बहुसंख्य रुग्णांची लक्षणे ओसरलेली दिसली. जो व्यापारी पेढीच्या उभारीसाठी तीन हंगाम धीर धरतो, त्याने आपल्या लेकरासाठी एक वर्ष धीर धरणे जड नाही. त्या खर्चाला वहीत त्याच्या खऱ्या नावाने खाते उघडावे. निम्मी लाज तेथेच गळून पडेल.