टाळू: डोक्यावरची नव्हे, तोंडातली!

टाळू म्हटलं की काय आठवतं? बाळाची टाळू भरायला तेलाची वाटी घेऊन बसलेली आजी, नाहीतर मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी मंडळी. पण बॉस, याच नावाची आणखी एक टाळू आपण चोवीस तास तोंडात घेऊन फिरतो. फेशियल होतं, हेअर स्पा होतो, दात पांढरे करून होतात. हिच्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. तिची आठवण होते ती थेट पिझ्झाचं गरमागरम चीज चिकटल्यावर!

चला तर, एक छोटीशी टूर करू. गाईड तुमचीच जीभ. तिचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे टेकवा. बारीकसा उंचवटा लागला? त्याच्या वरच हाडाला छिद्र असतं आणि त्यातून नस खाली येते. म्हणूनच डेंटिस्टचं इंजेक्शन इथे भलतंच झोंबतं. थोडं मागे या, आडव्या सुरकुत्या लागतील. घास निसटू नये म्हणून ही ग्रिप. त्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे मृताची ओळख पटवायला फोरेन्सिकवाले कधीकधी तिचीही मदत घेतात.

त्यामागे कडक, गुळगुळीत छत. टाळूचा पुढचा साधारण दोन तृतीयांश भाग असा हाडाचा असतो. तोंडाचं हे छत म्हणजेच नाकाची जमीन. अजून मागे गेलात की एकदम मऊ लागतं. इथे हाड संपलं, फक्त स्नायू. टोकाला लोंबते ती पडजीभ. घास गिळताना हा मऊ पडदा वर उचलला जातो आणि नाकाचा रस्ता बंद करतो. चहाचा घोट घेताना कुणी जोक मारला, की टायमिंग चुकतं आणि चहा नाकातून! रात्री हाच पडदा सैल पडून थरथरला की घोरणं सुरू. घोरता घोरता श्वास अडकत असेल आणि दिवसा मीटिंगमध्ये डुलक्या येत असतील, तर ते हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टर गाठा.

आता जीभ मधोमध फिरवा. एक रेघ जाणवेल. ही आपली शिवण. आईच्या पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जिभेच्या दोन बाजूंनी दोन पडदे वाढतात, वर उचलले जातात आणि मध्ये जुळतात. काही बाळांचे ते जुळत नाहीत, टाळू दुभंगलेली राहते. मग दूध ओढता येत नाही, पुढे बोलणं नाकातून येतं. आणि आपल्याकडे खापर फुटतं आईवर! ग्रहणात विळी हातात घेतली म्हणे. साफ खोटं. कारणं असतात जनुकांत आणि गरोदरपणातल्या इतर गोष्टींत, ग्रहणात नक्कीच नाहीत. यावर ऑपरेशन आहे, ते बहुतेकदा बाळ साधारण वर्षाचं असताना करतात, आणि मूल छान बोलू शकतं. तेव्हा नात्यात, ऑफिसात कुणाच्या घरी असं बाळ आलं, तर ग्रहणाची गोष्ट तिथेच थांबवा.

शेवटी होमवर्क. आज रात्री ब्रश झाला की आरशासमोर आ करा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. मधोमध टणक, गुळगुळीत उंचवटा दिसला तर लगेच गूगल करून रात्र जागवू नका. अनेकांना तो असतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. पुढच्या चेकअपला डेंटिस्टला दाखवा, विषय संपला. पण न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा टपरीवरच्या सुपारी-गुटख्यानंतर पांढुरकी, ताठर झालेली टाळू आणि पूर्वीइतकं न उघडणारं तोंड, ही मात्र धोक्याची घंटा. तिथे 'बघू पुढच्या महिन्यात' चालत नाही. अपॉइंटमेंट उद्याचीच घ्या!