वह्या वाटून झाल्या, पुढे काय?

जून उजाडला की वह्यावाटपाचे फोटो सुरू होतात. एका पोराच्या हातात दोन वह्या आणि त्या वह्यांना हात लावून उभे आठ कार्यकर्ते. अशा फोटोंत मीही उभा राहिलो आहे, म्हणूनच विचारतो : त्या पोराचे दहावीनंतर काय झाले, हे आठांपैकी किती जण सांगू शकतील?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी हातात घेतला. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात जणांनी ‘अल्फा फाय अल्फा’ ही फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांचा बंधुसंघ, स्थापन केली. गोऱ्यांच्या बंधुसंघात त्यांना जागा नव्हती. त्याआधी तिथे शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नव्हते. त्यामुळे यांचे पहिले काम भाषण नव्हते, मोर्चाही नव्हता. एकमेकांचा अभ्यास घ्यायचा आणि कोणालाही गळू द्यायचे नाही, एवढेच होते.

पुढे ‘हायस्कूलला जा, कॉलेजला जा’ ही मोहीम त्यांनी वस्त्यांत नेली. ‘कप्पा अल्फा साय’ या दुसऱ्या संघाने १९२२ साली शाळकरी मुलांना वाट दाखवणारा ‘गाईड राईट’ उपक्रम सुरू केला. १९३० च्या दशकात अल्फाने मतदार नोंदणीही अंगावर घेतली. यात घेण्यासारखी गोष्ट अशी की पदवी मिळाली म्हणून सदस्यत्व संपत नाही. शहराशहरांत पदवीधरांच्या शाखा आहेत. डॉक्टर, वकील, शिक्षक झालेला माणूस तिथे सदस्य राहतो आणि शाळकरी पोरांसाठी वेळ देतो. थरगुड मार्शल, मार्टिन ल्यूथर किंग, डू बॉईस हे सारे अल्फाचेच. याच डू बॉईसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते, हे आपल्याला ठाऊक आहेच.

त्यांची आरती ओवाळायची नाही. नव्या सदस्यांना मारहाण करण्याच्या प्रकारांनी हे संघ बदनाम झाले आणि त्यांच्यावर वरच्या वर्गाचा क्लब झाल्याचा आरोपही आहे. खुद्द डू बॉईसने १९०३ साली शिकलेल्या दहा टक्क्यांवर समाजाची भिस्त टाकली होती. १९४८ साली मात्र अशाच एका प्रतिष्ठितांच्या बंधुसंघासमोर उभे राहून त्याने कबूल केले की हे शिकलेले लोक स्वतःपुरते पाहू शकतात, हे मी तेव्हा ओळखले नाही. आठ वर्षांनी, १८ मार्च १९५६ रोजी, आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल तीच व्यथा मांडली.

काही मित्र म्हणतील, समाजसेवा हे भांडवली औषध आहे, यातून सरकारची जबाबदारी सुटते. दानाबाबत हे खरे आहे. पण पोराच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे दान नव्हे. भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकला, कॉलेजने फ्रीशिप असताना फी का मागितली, हे आधी कळते ते पोराशी दर आठवड्याला बोलणाऱ्याला. मोर्चाला लागणारी यादी तिथूनच तयार होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढल्यावर बाबासाहेबांनीही वसतिगृह आणि हक्काची लढाई वेगळी मानली नव्हती.

आमच्या वस्तीतला एक मुलगा बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाला. इंजिनिअरिंगला राखीव जागेवर नंबर लागला आणि गेला, कारण जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत करायचा असतो हे घरात कोणालाच माहीत नव्हते. आई धुणीभांडी करते, बाप नाही. मागच्याच गल्लीत अशी प्रकरणे आयुष्यभर हाताळून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. जयंतीला पाच हजारांची पावती फाडतात. मी त्यांना गाठले तेव्हा म्हणाले, “मला कुणी विचारलंच नाही.” आणि ते खोटे बोलत नव्हते. आम्ही त्यांच्याकडे दरवर्षी फक्त पावतीपुस्तक घेऊन गेलो होतो. तो मुलगा आता पार्सल पोहोचवतो.

येत्या रविवारपासून आमच्या विहारात नोंदणी सुरू होते आहे. एका नोकरदाराने एक विद्यार्थी घ्यायचा, नववीपासून पदवीपर्यंत. आठवड्याला एक तास द्यायचा आणि फोटो काढायचा नाही. आतापर्यंत विद्यार्थ्यांची सतरा नावे आली आहेत, नोकरदारांची चार. त्यातले एक मागच्या गल्लीतले.