बस्तीची लाज

आमच्या घरांतील एक तरुण पुतण्या तीन महिने आंव व रक्त पडण्याचा त्रास सोशीत होता. डॉक्टरांनीं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आंतड्याच्या अस्तरास व्रण पडण्याचा रोग, ठरविला. गोळ्या दिल्या आणि रात्रीं गुदमार्गानें घ्यावयाचें औषधही दिलें. गोळ्या नेमानें संपल्या. दुसऱ्या औषधाची पेटी मात्र कपाटांत कपड्यांखालीं जशीच्या तशी सांपडली. विचारलें तों मान खालीं घालून म्हणाला, "काका, तेवढें सोडून काय वाटेल तें सांगा."

वाचकहो, आम्हांस रागावतां येईना. शाळेंत ‘बस्ति’ शब्द आला कीं आम्हीही तेवढा भाग गाळून पुढें जात असूं! चरकास ही लाज नव्हती. अतिसाराच्या अध्यायांत त्यानें पिच्छाबस्ति सांगितली आहे: सांवरीचे ओले देंठ दर्भांत गुंडाळून, वर काळी माती लिंपून, गोवऱ्यांच्या विस्तवांत शिजवावयाचे व कुटून दुधांत कालवावयाचे. द्रव्य बुळबुळीत, चिकट. नुसता पातळ काढा नव्हे.

नव्या शास्त्राचें एक कोडेंही याच वाटेनें सुटलें. सल्फासलाझीन हें औषध गिळलें, म्हणजे मोठ्या आंतड्यांतील जंतू त्याचे दोन भाग करतात. गुण कोणत्या भागाचा? सुटे भाग गिळावे, तर ते बव्हंशीं वरच्यावरच शोषले जातात. म्हणून १९७७ सालीं ऑक्सफर्ड येथील आझाद खान, पिरिस व ट्रूलव्ह यांनीं मूळ औषध व त्याचे दोन भाग निरनिराळ्या रुग्णांस बस्तीनेंच दिले. आज ज्यास मेसालाझीन म्हणतात, त्या भागाचा गुण ठरला.

परंतु ज्यास घटकेघटकेस उठावें लागतें, त्यानें पातळ औषध रात्रभर धरावें कसें? यास्तव दाट जेल निघालें. इटलींत तें फेसाच्या औषधाशीं ताडून पाहिलें. निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. गुण सारखाच, पण फेस घेणारांस पोट फुगण्याचा व औषध न टिकण्याचा त्रास अधिक. रोग्याच्या अडचणीचेंही माप घेतलें गेलें, हें वाचून आम्हांस बरें वाटलें. हा रोग गुदापाशीं सुरू होऊन वर चढतो. औषधानें खालून जावें यांत गैर काय?

हें सारें पुतण्यास सांगितलें. तो "हो" म्हणाला आणि पेटी तशीच राहिली. शेवटीं सूनबाईंनीं, कोणास न विचारतां, त्याचें अंथरूण माजघरांतून न्हाणीघरालगतच्या खोलींत हलविलें व दारास आंतून कडी बसवून घेतली. पेटी त्या रात्रीं उघडली.