रसदीच्या तारखा

11 एप्रिल 2024 रोजी कीव्हच्या दक्षिणेकडील त्रिपिल्या औष्णिक वीज केंद्रावर रशियाने अकरा क्षेपणास्त्रे सोडली. पहिली सात युक्रेनी हवाई संरक्षणाने पाडली. उरलेली चार पाडता आली नाहीत, कारण डागण्यासाठी क्षेपणास्त्रेच शिल्लक नव्हती. कीव्ह, चेर्कासी आणि झितोमिर या तीन प्रांतांना वीज पुरवणारे सर्वांत मोठे केंद्र त्या दिवशी बेचिराख झाले. हा हिशेब पुढे खुद्द अध्यक्ष झेलेन्स्की यांनीच एका मुलाखतीत सांगितला. त्यानंतर नऊच दिवसांनी, 20 एप्रिलला, अमेरिकी प्रतिनिधिगृहाने युक्रेनसाठी सुमारे 61 अब्ज डॉलरची तरतूद मंजूर केली. बायडेन यांनी ती आदल्या ऑक्टोबरात मागितली होती. मधले सहा महिने ती वॉशिंग्टनच्या पक्षीय साठमारीत अडकून पडली आणि त्याच काळात, 17 फेब्रुवारीला, अवदिइव्का हे शहर पडले. तिथले तोफची गोळे मोजूनमापून वापरत होते. समोरच्यांना तशी गरज नव्हती.

युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणाला आज, 24 फेब्रुवारी 2025 रोजी, तीन वर्षे पूर्ण होत आहेत. अशा दिवशी कोणी किती अब्ज दिले याच्या याद्या निघतात. अध्यक्ष ट्रम्प अमेरिकेचा वाटा 350 अब्ज डॉलर सांगतात. जर्मनीतील कील येथील अर्थसंस्थेच्या नोंदी मात्र 2024 अखेरपर्यंत अमेरिकेची सर्व प्रकारची मदत सुमारे 114 अब्ज युरो आणि युरोपची 132 अब्ज युरो असल्याचे दाखवतात. शिवाय अमेरिकी मदतीतला मोठा वाटा अमेरिकी कारखान्यांतच खर्च झाला, याची वाच्यता तिथे कोणी फारशी करत नाही. हा वाद चालू राहील. पण आघाडीवरच्या तोफखान्याला अब्ज दिसत नाहीत. गोळा आला की नाही आणि आला तर कोणत्या महिन्यात, एवढेच दिसते. या युद्धाचा नकाशा रकमांपेक्षा तारखांनी अधिक घडवला आहे, असे आमचे मत आहे.

वेळेवर आलेल्या मदतीने काय होते, याचा दाखला 2022 च्या उन्हाळ्यात मिळाला. त्याआधी जानेवारीत, रशियन फौजा सीमेवर जमलेल्या असताना, जर्मनीने 5,000 हेल्मेट देऊ केली होती आणि जगभर हसे करून घेतले होते. जूनच्या अखेरीस अमेरिकेची हायमार्स ही अग्निबाण प्रणाली युक्रेनमध्ये पोचली. तोवर रशियन सैन्य आघाडीपासून थोड्याच अंतरावर दारूगोळ्याचे ढीग रचत असे. काही आठवड्यांत ते एकामागून एक उडू लागले. मग खेरसनजवळच्या अंतोनिव्स्की पुलावर मारा सुरू झाला. नीपर नदीच्या पश्चिम काठावरच्या रशियन फौजेची रसद त्या पुलावरून येत होती. 11 नोव्हेंबरला युक्रेनी सैनिक खेरसनमध्ये शिरले. रसद तुटलेल्या छावणीचे काय होते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. गोविंदपंत बुंदेले पडल्यावर पानिपतावर भाऊंच्या छावणीत काय झाले हे आपण शाळेत शिकलो आहोत.

आणि लगेच पुढचे वर्ष पाहा. रणगाडे द्यायचे की नाही, यावर बर्लिन आणि वॉशिंग्टन महिनोन्‌महिने एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. 25 जानेवारी 2023 रोजी एकदाचा लेपर्ड आणि एब्रम्सचा निर्णय झाला. त्या हिवाळ्यात रशियाने झापोरिझ्झियाच्या शेतांत खंदक खणले, काँक्रीटचे सुळके रोवले आणि मैलच्या मैल सुरुंग पेरले. युक्रेनचा प्रतिहल्ला जूनमध्ये सुरू झाला, तो थेट या तटबंदीवर आदळला. पहिल्याच आठवड्यात माला तोकमाच्का गावाजवळच्या सुरुंगी पट्ट्यात लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली चिलखती वाहने अडकून पडल्याची छायाचित्रे जगाने पाहिली. रणगाडे उत्तम होते, पण त्यांची वेळ निघून गेली होती. अमेरिकेचे 31 एब्रम्स तर त्या हल्ल्यातही नव्हते. ते शरद ऋतूत आले.

एफ-16 विमाने पहिल्या महिन्यापासून मागितली जात होती. ती 2024 च्या उन्हाळ्याच्या शेवटी आली. तोपर्यंत रशियन विमाने कित्येक किलोमीटर मागूनच पंख लावलेले जड बॉम्ब सोडायला शिकली होती. अमेरिकी एटॅकम्स क्षेपणास्त्रे रशियाच्या हद्दीत डागण्याची मुभा नोव्हेंबर 2024 मध्ये मिळाली, म्हणजे बायडेन यांचे सामान बांधायची वेळ झाल्यावर. या दिरंगाईमागे केवळ भित्रेपणा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. समोर अण्वस्त्रधारी देश आहे आणि प्रत्येक नवे शस्त्र देताना मॉस्को काय करील, हा प्रश्न बायडेन आणि तेव्हाचे जर्मन चान्सलर शोल्त्झ यांनी विचारायलाच हवा होता. पण उत्तर दर वेळी तेच निघाले: सहा महिने नकार, मग होकार. त्या सहा महिन्यांचा उपयोग रशियाने करून घेतला. ‘नाही’ कायम ठेवले असते तर निदान युक्रेनने त्यानुसार आपली लढाई आखली असती.

दोष एकट्या पाश्चात्त्यांचाही नाही. ऑगस्ट 2022 मध्ये युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाने एका कंपनीकडे एक लाख मॉर्टरगोळ्यांची मागणी नोंदवली आणि आगाऊ पैसेही मोजले. गोळे आलेच नाहीत. सुमारे 4 कोटी डॉलरचा हा घोटाळा जानेवारी 2024 मध्ये तिथल्या तपास यंत्रणेनेच उघड केला. सैन्यभरतीचे वय 27 वरून 25 वर आणणारा कायदा संसदेने मे 2023 मध्ये संमत केला, पण त्यावर अध्यक्षांची सही व्हायला एप्रिल 2024 उजाडला. आपली तारीख चुकवण्यात कीव्हही मागे नाही.

तोफगोळ्यांची गोष्ट यापेक्षा साधी, पण अधिक बोलकी आहे. युद्धापूर्वी अमेरिका 155 मिलिमीटरचे गोळे महिन्याला सुमारे 14,000 बनवत असे. 2023 च्या उन्हाळ्यात युक्रेनी तोफांना ते दोन-तीन दिवस पुरले असते. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटनच्या जुन्या कारखान्यात पोलादाचे ठोकळे लालभडक तापवून, दाबून गोळ्याचे कवच बनते. मग ते आयोवाला जाते आणि तिथे त्यात दारू भरली जाते. असे कारखाने पैसे ओतले म्हणून सहा महिन्यांत दुप्पट होत नाहीत. युरोपने मार्च 2023 मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचे वचन दिले आणि मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे दिले होते. कमतरता कशाची होती, तर बऱ्याच अंशी कापसाची. गोळा तोफेबाहेर फेकणाऱ्या दारूसाठी नायट्रोसेल्युलोज लागते आणि ते सरकीवरच्या बारीक तंतूंपासून बनते. युरोप हे तंतू मुख्यतः चीनकडून घेतो! रशियाचा पाठीराखा ज्याला म्हणायचे, त्याच्याच गठ्ठ्यांवर युक्रेनच्या तोफा अवलंबून. शेवटी चेक अध्यक्ष पेत्र पावेल यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये म्युनिकला सांगितले की, आमच्या माणसांनी जगभर हिंडून आठ लाख गोळे शोधले आहेत, फक्त पैसे द्या. त्या वर्षी युक्रेनी तोफखाना तगला, त्यात या धडपडीचा वाटा मोठा होता.

दारूगोळा हा शब्द अग्रलेखात लिहायला सोपा आहे. गेल्याच महिन्यात, 24 जानेवारीला, भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटाने आठ कामगारांचा जीव घेतला. तिथले उत्पादन कोणत्या युद्धासाठी होते हा इथे प्रश्नच नाही. पण ‘उत्पादन वाढवा’ असे जगातले सगळे संरक्षणमंत्री म्हणतात, तेव्हा ते कोणाच्या हातून वाढते, हे या निर्माणीच्या जवाहरनगर वसाहतीला ठाऊक आहे.

आता पलीकडची बाजू. इराणची शाहेद ड्रोन 2022 च्या शरद ऋतूत युक्रेनच्या आकाशात दिसू लागली आणि थोड्याच काळात ती रशियातच, तातारस्तानमधील येलाबुगा येथे बनू लागली. उत्तर कोरियाने आधी गोळे दिले, मग क्षेपणास्त्रे आणि गेल्या शरद ऋतूत माणसेही धाडली. प्योंगयांगला या पुरवठ्यावर चर्चा झाली नाही, मतदान नाही, की निवडणुकीमुळे खोळंबाही नाही. लोकशाही देशांनी तसे वागावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण शत्रूच्या गोदामात माल ठरल्या दिवशी पडतो आणि आपल्याकडचा विधेयकाच्या चौथ्या वाचनाची वाट पाहतो, ही गोष्ट खंदकातल्या शिपायाने मनाला किती लावून घ्यायची?

आजची आघाडी म्हणजे याच सगळ्याची गोळाबेरीज. देशाचा सुमारे पाचवा हिस्सा रशियाच्या ताब्यात आहे. 2024 या एका वर्षात रशियाने जवळपास चार हजार चौरस किलोमीटर भूभाग मिळवला आणि त्यासाठी माणसे पाण्यासारखी घालवली. पोक्रोव्स्कभोवतीचा फास आवळत असून युक्रेनच्या पोलाद उद्योगाला कोळसा पुरवणारी तिथली खाण जानेवारीत बंद करावी लागली. युक्रेनने गेल्या 6 ऑगस्टला अनपेक्षित मुसंडी मारून कुर्स्कमध्ये घेतलेली रशियन जमीन निम्म्याहून अधिक परत गेली आहे. आपले 46,000 हून अधिक सैनिक मारले गेल्याचे झेलेन्स्की सांगतात. माणसे कोणत्याही मदतीच्या यादीत येत नाहीत.

जिथे युक्रेनने कोणाची वाट पाहिली नाही, तिथे चित्र वेगळे आहे. घरगुती बनावटीच्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी ‘मॉस्कव्हा’ ही रशियन युद्धनौका बुडवली. पाण्यावरून धावणाऱ्या ड्रोननी काळ्या समुद्रातील रशियन आरमाराला क्रिमियातून मागे रेटले. गेल्या वर्षी देशात दहा लाखांहून अधिक लहान ड्रोन बनली. अर्थात समोरचाही शिकतो: रेडिओ संदेश अडवता येऊ नयेत म्हणून रशियाने कुर्स्कमध्ये काचतंतूच्या तारेने बांधलेली ड्रोन आणली. ती किलोमीटरच्या किलोमीटर बारीक तार मागे सोडत जातात आणि सुदझाकडे जाणाऱ्या रस्त्याकाठच्या झुडपांवर त्या तारा कोळिष्टकांसारख्या लटकलेल्या दिसतात. डेन्मार्कने आपला सगळा तोफखाना युक्रेनला देऊन टाकला, हे तर आहेच. त्याहून शहाणपणाचे काम म्हणजे त्याने युक्रेनी कारखान्यांनाच पैसे देऊन तिथल्या ‘बोहदाना’ तोफा बनवून घेतल्या. मालही लवकर आला आणि स्वस्तही पडला. ही वाट पहिल्या वर्षी कोणाला सुचली असती तर?

आता मदतीची तारीखच नव्हे, तिचे बिलही बदलते आहे. 12 फेब्रुवारीला ट्रम्प यांनी पुतिन यांच्याशी दूरध्वनीवर दीर्घ चर्चा केली. त्याच दिवशी अमेरिकी संरक्षणमंत्र्यांनी ब्रुसेल्समध्ये सांगितले की, नाटो सदस्यत्व आणि 2014 पूर्वीच्या सीमा या दोन्ही अपेक्षा वास्तवाला धरून नाहीत. वाटाघाटी सुरू होण्याआधीच दोन हुकमी पाने उताणी! सहा दिवसांनी रियाधला अमेरिकी आणि रशियन परराष्ट्रमंत्री भेटले, तेव्हा खोलीत युक्रेन नव्हता. मदतीच्या मोबदल्यात 500 अब्ज डॉलरची खनिजे मागण्यात आली आणि झेलेन्स्कींनी मान तुकवली नाही म्हणून ते ‘हुकूमशहा’ ठरले. 1994 मध्ये बुडापेस्टला अण्वस्त्रे सोडून देणाऱ्या या देशाला ज्या तिघांनी शब्द दिला होता, त्यांत हीच अमेरिका होती. दुसरा होता रशिया.

युरोप पैसे आणेल, कदाचित गोळेही आणेल. पण रशियन बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे अडवण्यासाठी युक्रेन आज ज्यावर विसंबून आहे, त्या अमेरिकी बनावटीच्या पॅट्रियटला लागणारी क्षेपणास्त्रे पॅरिसला बैठका घेऊन तयार होत नाहीत.

आणि आपण? युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. गेल्या वर्षी तो एक तृतीयांशाहून अधिक झाला. आपला पंप त्यामुळे स्वस्त झाला नाही, पण रशियाची तिजोरी भरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. रशियन सैन्यात भरती झालेल्या 126 भारतीयांपैकी बारा जण मारले गेल्याचे परराष्ट्र मंत्रालयानेच गेल्या महिन्यात सांगितले. दुसरीकडे ‘आयएनएस तुशिल’ ही युद्धनौका डिसेंबरात रशियाच्या कॅलिनिनग्राडमध्ये नौदलात दाखल झाली आणि याच महिन्यात कारवारला पोचली. तिची बांधणी रशियन आहे आणि इंजिने मिकोलाइव्हची, युक्रेनची. माझगाव गोदीत बांधलेल्या आपल्या विनाशिकाही त्याच शहरातल्या टर्बाइनवर चालतात. आज न्यूयॉर्कमध्ये आमसभेपुढे युक्रेनचा ठराव आहे आणि अमेरिकेचाही एक वेगळा, ज्यात आक्रमक कोण याचा उल्लेखच नाही. भारत आजवरच्या रिवाजाप्रमाणे तटस्थ राहील असे दिसते. मिकोलाइव्हचे सुटे भाग आणि रशियाकडून यायच्या उरलेल्या दोन एस-400 हवाई संरक्षण तुकड्या कधी मिळणार, याची विचारणा दिल्लीला मात्र दोन्हीकडे करावीच लागेल.