आदर्श शेत कोणाच्या बांधावर?

आदर्श शेतीचे नमुने आपल्या देशात कमी नाहीत. तारेचे कुंपण, कूपनलिका, पगारी मजूर आणि उद्घाटनाची संगमरवरी पाटी! पण ज्याच्या वाट्याला एकरभर वरकस जमीनच आली, त्याने येथून काय शिकायचे? ज्याचे अनुकरण गरिबाला करता येत नाही, तो आदर्श नव्हे, देखावा होय.

मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेतील वांसदा येथे वेगळी वाट धरली. वनवासी कुटुंबाच्या स्वतःच्याच सुमारे एकरभर जमिनीवर ‘वाडी’ उभी राहिली. आंबा-काजूच्या रांगा, मधल्या पट्ट्यांत धान्य, कडधान्य व भाजीपाला, बांधावर जळण-चाऱ्याची झाडे. फळ हाती येईपर्यंतची वर्षे आंतरपिकाने निभावतात. खरे शास्त्र या जोडणीत आहे. पुढे ती जव्हारच्या डोंगरांत रुजली आणि २००३-०४ पासून नाबार्डच्या आदिवासी विकास निधीतून अन्य राज्यांतही गेली.

शिधापत्रिकेवरचे धान्य उपासमार टाळते, ते हवेच. परंतु स्वावलंबन त्याने येत नाही. रोपे वाटून पाण्याची आणि पहिल्या पाच वर्षांच्या सोबतीची तरतूद विसरणारी योजना, वाळलेल्या रोपांचा दोष मात्र शेतकऱ्याच्या आळसावर ढकलते. हा अन्याय थांबलाच पाहिजे. योजनेचे मोजमाप वाटलेल्या रोपांनी नव्हे, तर पाचव्या वर्षी जगलेल्या झाडांनी आणि ऐन पावसाळ्यातही रिती न होणाऱ्या कणगीने व्हावे!